पळसाखालची अक्का

एक हात गुडघ्यावर, दुसरा दाराच्या चौकटीला आणि नजर आत नाही, बाहेर. अंगणवाडीत आली की ती आधी अशी उभी राहायची. मग लांब श्वास सोडून म्हणायची, "जरा टेकूत वं माय, मंग देखूत."

सकाळ आत्ता कुठे सुरू झालेली असायची आणि ही टेकायचं बोलायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई कामचुकार आहे. अशी एखादी तुमच्याही ओळखीची असेल. काम असं ती टाळत नाही, पण प्रत्येक कामाआधी जरा बसते, आणि आपण मात्र घड्याळाकडे बघत राहतो.

पिंपळनेरपासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका म्हणून लागले, तेव्हा ती तिथली मदतनीस होती. तिचं नाव सांगत नाही. गाव तिला अक्का म्हणायचं, पोरंही अक्काच म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ, पदर कायम कमरेला खोचलेला. डोळ्यांखाली इतकं काळं, की काजळ खाली उतरल्यासारखं दिसायचं.

आमची खोली पत्र्याची. थंडीत आत हुडहुडी भरायची. महाशिवरात्र झाली की उन्हं चढायला लागायची आणि पत्रा असा तापायचा, की पोरं भिंतीला चिकटून चिडचिडी व्हायची. या दोन्हींच्या मधे थोडे दिवस असायचे. हवेत सकाळचा गारवा, पाठीला गोड लागणारं ऊन, गावाबाहेरच्या नाल्याकाठी पळस पेटलेला. ते दिवस आले की अक्का खिचडीचं पातेलं डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, "चाला रे. भितर काय शे? बठ्ठं बाहेर शे." बठ्ठं म्हणजे सगळं.

आणि आमची वरात निघायची. पुढे अक्का, मधे एकमेकांचे सदरे धरलेली पोरं, मागे मी, पाण्याची कळशी आणि माझी स्वतःची लहान लेक कडेवर.

मी एकदा तिला म्हटलं, "अक्का, तुम्हाला निसर्गाची फार आवड आहे हो." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वेगळ्याच भाषेत बोलले. "आवड कसानी वं माय? भितर मी त्यास्ना मांगे पयस. बाहेर त्या त्यास्ना त्यास्ना खेयतस. मले अंगमां ताकद नही, म्हनीसन बाहेर लई येस."

आत पोरांमागे पळावं लागायचं, बाहेर ती आपापली खेळायची. अक्का थकलेली होती म्हणून पोरं बाहेर होती. इतकं साधं कारण. पण ती बाहेरची पोरं तुम्ही पाहायला हवी होती. पळसाच्या कळ्या नाकाला लावून पोपट व्हायची. काटेसावरीचं जाड फूल वरून धप्पकन पडलं की त्यावर झडप घालायची. हरभऱ्याच्या कडेला गेली की घाटे सोलून खायची, आणि पाल्याच्या आंबटपणाने ओठ चुरचुरले की अक्काकडे तोंड वर करून यायची. अक्का बसल्या जागेवरून पदराने एकेकाचं तोंड पुसायची, दुसऱ्या हाताने खिचडीचा घास भरवायची. आत ताटली सरकवणारं पोर बाहेर दोन वेळा मागून घ्यायचं. मी पळसाच्या सावलीत मोबाईलवर माहिती भरत बसायची. नेटवर्क तिथेच जरा यायचं.

एकदा आमच्या सुपरवायझर बाई न कळवता आल्या. खोलीला कुलूप. शोधत शोधत नाल्यापर्यंत आल्या, चपलांना चिखल, कपाळाला घाम. "अंगणवाडी कुठे आहे तुमची?" त्यांनी विचारलं. अक्का उठलीही नाही. म्हणाली, "नावमांच आंगन शे ना बाई? मंग आंगनमांच बसनूत. तुम्हीबी टेका जरा." बाई काही क्षण उभ्या राहिल्या, मग खरंच टेकल्या. जाताना एका पोराने त्यांच्या पर्समध्ये पळसाचं फूल घातलं. ते तसंच घेऊन त्या गेल्या.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. मोठी पोरं बरोबर जातात, काही धाकटी आजी-आजोबांकडे राहतात. त्या वर्षी अशीच एक मुलगी आमच्याकडे होती. चार वर्षांची असेल. आजोबाजवळ राहायची. रडायची नाही, त्रास द्यायची नाही, फक्त कमी जेवायची. बाहेर नेलं की ती खेळण्यापेक्षा फुलं गोळा करायची आणि फ्रॉकच्या ओच्यात भरून बसून राहायची. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणायची, "मायले."

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी गावात एका बाळंतिणीकडे बाळाचं वजन करायला गेले होते. अक्का एकटी पोरं घेऊन नाल्याकाठी होती. मी परत आले तर पोरं मजेत खेळत होती, अक्का पळसाच्या बुंध्याला टेकलेली, मान एका खांद्यावर. गाढ झोपलेली. मी नजर फिरवली. ती मुलगी नव्हती.

तिथून जवळच कठडा नसलेली विहीर आहे. मी अक्काला हलवलं, एवढंच म्हटलं, "ती कुठाय?" अक्काने डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहून तिला सगळं कळलं. गुडघ्यावर हात न ठेवता ती उठलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. विहिरीकडे ती माझ्या आधी पोचली. काठावर पालथी पडून आत डोकावली. पाणी शांत होतं. वर वाळका पाला तरंगत होता, तोही हललेला नव्हता.

मी हाका मारत शेतांकडे धावले. पोरांना एका जागी बसवायला शेतातली एक बाई आली. ओरडा ऐकून गावातून माणसं यायला लागली. गव्हात बघितलं, कांद्याच्या वाफ्यांत बघितलं, नाल्यात उतरून बघितलं. या गडबडीत अक्का कुठे गेली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

शेवटी मी फाट्याच्या रस्त्याला लागले. लांबूनच दिसलं. जिथे आमची गाडीवाट डांबरी रस्त्याला मिळते, तिथे दगडावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. माझ्याकडे पाठ. मुलीच्या ओच्यात फुलं, अक्काचा हात तिच्या पाठीवर. दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक तिच्या आईबापाला याच फाट्यावरून घेऊन गेला होता.

मी धापा टाकत म्हटलं, "अक्का, सगळं गाव शोधतंय! इथे काय बसलात?"

"गाडी ई म्हनस ती," अक्का हळूच म्हणाली. "काय सांगू तिले? नही ई म्हनीसन? मी म्हंतं, बठूत. वाट देखूत."

मला संताप आला होता आणि रडूही आलं होतं. पण मीही बसले. एक एसटी गेली, एक कांद्याचा टेम्पो गेला. प्रत्येक गाडीला ती पोर थोडी उठायची, मग बसायची. नंतर तिने स्वतःच ओच्यातली फुलं दगडावर ओतली, नीट पसरली, आणि अक्काचा हात धरून म्हणाली, "भूक लागनी." तेव्हा आम्ही उठलो.

संध्याकाळी पारावर माणसं जमली. मुलीचा आजोबा तिला मांडीवर घेऊन बसला होता. सरपंचांनी विचारलं, "मुलगी गेली कशी?" मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. निघायची गडबड होती, तेवढ्यात ती सटकली, असं मी म्हणणार होते. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मना डोया लागी गया. मी निजी गयी."

मग एकेक बोलायला लागलं. तू झोपावंस म्हणून पोरं देतो का आम्ही तुझ्या हवाली? विहीर किती जवळ आहे, ठाऊक आहे ना? ती मान खाली घालून ऐकत राहिली. "खरं शे," एवढंच मधून मधून म्हणत होती.

तिची सासू वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती, आणि रात्री उठून तिची कूस बदलणारं, तिचं सगळं करणारं त्या घरात अक्काशिवाय कुणी नव्हतं. मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. हे गावाला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी कुणाला आठवलं नाही, आणि अक्काने आठवण करून दिली नाही. मी बोलू लागले तर तिने माझं मनगट दाबलं. घरी जाताना मी विचारलं, "का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "पोर हरपी गयी व्हती ना वं माय. सासूनं नाव कसाले लेऊ?"

त्यानंतर पोरं आतच बसली. उरलेला पळस आमच्याशिवाय गळला. अक्का दारात बसायची, कुणी बाहेर जाऊ नये म्हणून उंबऱ्यावर पाय आडवा टाकून. तिला पुन्हा डुलकी लागलेली मी पाहिली नाही. डोळे ताणून, लाल करून ती जागी राहायची. ते बघणं झोपलेली अक्का बघण्यापेक्षा जड होतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर ऊसतोडीची माणसं परतली. त्या मुलीची आई उन्हाने रापलेली, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे, गाडीतून उतरून घरीही न जाता सरळ अंगणवाडीत आली. दारात उभी राहून तिने लेकीला हाक मारली. पोर उठली, आईकडे पाहिलं आणि अक्काच्या पाठीमागे लपली. आईचे पुढे केलेले हात तसेच राहिले.

अक्काने मागे हात घालून पोरीला पुढे ओढलं. ती अक्काच्या लुगड्याला घट्ट धरून होती. अक्काने तिची बोटं एकेक करून सोडवली. "तुनी माय शे ती. जाय." आवाज जरा कडकच होता. "तुनाकरता उनी ती इतली दूरथून. जाय!" पोर दोन पावलं गेली, थांबली. मग आईच खाली बसली, आणि पोर हळूहळू तिच्या मांडीत शिरली.

अक्का आत गेली आणि खिचडीचं पातेलं घासू लागली. ते मी सकाळीच घासून ठेवलं होतं.

त्या पावसाळ्यात तिची सासू गेली. दिवाळीआधी मुलगा आला आणि तिला सुरतेला घेऊन गेला. सुनेला कामावर जायचं होतं, नातू सांभाळायला कुणीतरी हवं होतं. एकदा तिचा फोन आला. मागे यंत्रांची खडखड. मी म्हटलं, "आता तरी आराम आहे ना अक्का?" म्हणाली, "पलंग शे, पंखा शे. नींदच लागत नही." मग नातवाने फोन ओढला आणि बोलणं तुटलं.

आता विहिरीला कठडा झाला आहे. या माघात मी पोरं पुन्हा बाहेर काढली. नवी मदतनीस चटपटीत आहे, तिची नजर चहूकडे असते. ती मुलगी यंदा आमच्यात नाही. आईबाप तिला बरोबर घेऊन गेले.

पळसाखाली बसल्यावर मला कळलं, की माझेही पाय दुखताहेत. एका पोराने विचारलं, "अक्का कोठे शे?"

"सुरतेला."

"सुरत कोठे शे?"

मी पश्चिमेच्या डोंगराकडे बोट केलं. "त्याच्या पलीकडे."

पोरं उठली. डोंगराकडे तोंड करून सगळ्यांनी मिळून हाक मारली, "अक्काऽऽ!" बांधावरचे बगळे उडाले. मग सगळी कान देऊन उभी राहिली. वाऱ्याने थोडा पाला सरकला, बाकी काही नाही.

"दूर शे ना," त्यातलं सगळ्यात लहान पोर इतरांना समजावत म्हणालं, "आवाज पोचाले टाइम लागी."

ते बाकीच्यांना पटलं. ती तिथेच गवतात बसली, उन्हाकडे पाठ करून, डोंगराकडे बघत.