हुरड्याचा घास

शेजारी कुणी शेंगदाणे भाजायला घेतले की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. बाहत्तरच्या दुष्काळाआधीची थंडी होती, राहुरीजवळच्या सासरच्या मळ्यात माझा पहिला हुरडा. आगटीत कणसं भाजत होती, पाहुण्यांसाठी बोलावलेला गोंधळी संबळ वाजवत होता, आणि पळसाच्या पानावर हुरड्याशेजारी दाण्याची चटणी होती. दाणा खाल्ला की माझा घसा सुजतो, हे मी नवऱ्याला लग्नाच्या आठवड्यातच सांगितलं होतं. नणंदेनं हट्ट धरला, नाव घेऊन घास भरव. त्यानं झोकात नाव घेतलं आणि चटणी लावलेला हुरडा माझ्यापुढं धरला. मी मान हलवली. "लई नखरे हायेत हिचे," सासूबाई म्हणाल्या, "दान्यानं कुनी मरतं व्हय?" सगळे हसले, तोही हसला. मी तोंड उघडलं. थोड्याच वेळात ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, तरी सगळ्यांना ते सोंगच वाटलं. शेवटी गोंधळ्यानंच संबळ थांबवला आणि ओरडला, "आरं, गाडी जुपा!" दवाखान्याच्या वाटेवर नवरा हळूच म्हणाला, "आईम्होरं मी न्हाई कसं म्हननार?" म्हणजे त्याला आठवत होतं. पुढं सगळा जन्म मी त्याच्या भाजीसाठी नाकाला पदर लावून दाणे कुटले. त्याच्या हातचा घास मात्र पुन्हा घेतला नाही. त्याच्या ते कधी लक्षातही आलं नाही.