काकूंच्या फ्रिजचा तिसरा भाग

आमचे फ्रिजवाले दुरुस्तीला गेले की लगेच फ्रिजला हात लावत नाहीत. आधी खुर्ची ओढून बसतात आणि घरच्यांना म्हणतात, "आवाज काढून दाखवा." लोक लाजतात. मग एकजण "घर्रर्र" करतो, दुसरा म्हणतो, "छे, तसा कुठे? टुकटुक असा येतो," आणि दोघांची जुंपते. फ्रिजवाले शांतपणे ऐकतात. मेकॅनिक समोर आला की यंत्र गप्प बसतं, मालक बसत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

हेच फ्रिजवाले सुट्टीच्या दिवशी एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवतात. ड्रमवर त्यांचा मेव्हणा असतो. तो असा बडवतो की आपली गिटार चालू आहे का, हे फ्रिजवाल्यांना स्वतःच्या बोटांकडे बघून ठरवावं लागतं. बँडच्या प्रत्येक गाण्याखाली चौघांची नावं येतात. फ्रिजवाल्यांना एक तरी गोष्ट फक्त स्वतःच्या नावावर हवी होती.

म्हणून त्यांनी जुना सिंथेसायझर आणला, म्हणजे विजेवर हवे ते सूर काढणारी पेटी. गिटार नाही, ड्रम नाही, मेव्हणा नाही. सगळं सिंथवर, आणि सगळं सायकेडेलिक. सायकेडेलिक म्हणजे काय, असं बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि पाण्यात बुडवल्यासारखे हात हलवले. "एक सूर असतो. तो हळूहळू वितळतो." या एकट्याच्या उद्योगाला त्यांनी नाव दिलं 'लहरी'.

"नाव अगदी शोभतंय तुम्हाला," बायको म्हणाली.

सिंथ मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर बसला आणि सगळं घर चुरगळलेल्या कपड्यांत वावरू लागलं. स्पीकर जमिनीवर ठेवले होते, कारण खर्जाचा सूर तळपायातून वर चढला पाहिजे, असा फ्रिजवाल्यांचा आग्रह. मेव्हण्याने 'लहरी'च्या तीन भागांपैकी पहिला अर्धा ऐकला. "भावजी, हे गाणं आहे की गाण्याची वाट बघणं?"

तरी बँडने मोठं मन केलं. पुढच्या कार्यक्रमात बँडच्या आधी थोडा वेळ 'लहरी'ला मिळाला. बायकोने अट घातली: लोक उठून गेले तर इस्त्रीचं टेबल मोकळं करायचं आणि विषय कायमचा बंद.

अडचण एकच होती. तिसऱ्या भागाला शेवट नव्हता. सूर चढायचा, थरथरायचा, आणि पुढे काही न सुचल्यामुळे फ्रिजवाले बटण बंद करायचे.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. काकू शाळेत पीटी शिकवायच्या. आता निवृत्त आहेत, पण आवाज अजून मैदानावरच आहे. "माझा फ्रिज घुमतोय!"

फ्रिजवाले खाली गेले. फ्रिज ठीक होता. वर येऊन त्यांनी सिंथ सुरू केला, तर पुन्हा फोन. "आत्ता घुमतोय, आत्ता या!" ते सिंथ बंद करून धावत खाली गेले. फ्रिज गप्प.

"तुम्ही आलात की शहाण्यासारखा वागतो मेला," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला फ्रिजवाल्यांनी खुर्ची ओढली. "काकू, आवाज काढून दाखवा."

काकू लाजल्या नाहीत. पाय फाकवून उभ्या राहिल्या, छाती भरून श्वास घेतला आणि खालून "ऊंऽऽऽ" असा सूर लावला. तो चढवत नेला, गाल फुगवून "वांव, वांव, वांव" असा हलवला, आणि एकदम थांबल्या.

फ्रिजवाल्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला. त्यांचा अख्खा तिसरा भाग होता तो, सूर न् सूर तोच. बँडमधला एकही माणूस पहिल्या भागापलीकडे गेला नव्हता.

"रोज ऐकता?" त्यांनी विचारलं.

"चहा घेऊन बसतेच इथे. आवाजाचं काही नाही हो. पण वर जातो, वर जातो, आणि मधेच गप्प! पुढे काय? माझा जीव टांगणीला."

"मग बंद करू का?"

"बंद कशाला? नीट संपवा!"

खरं काय ते सांगायची हीच वेळ होती. फ्रिजवाल्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात फ्रिज आपणहून बंद झाला. त्याचं अंग थरथरलं, आतली एक बाटली दुसरीला किणकिणली आणि शेवटी एक गचका बसला. उभ्या आयुष्यात हा आवाज त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की कधी ऐकलाच नव्हता. ते वर सिंथकडे पळाले.

थोड्या वेळाने फोन आला. "झाला दुरुस्त! काय सुरेख थांबला!"

कार्यक्रमाला बायकोने काकूंना पहिल्या रांगेत बसवलं. पहिल्या भागात लोकांनी मोबाइल काढले. दुसऱ्या भागात मागच्या खुर्च्या सरकू लागल्या, तशी बायकोची नजर इस्त्रीच्या हिशेबाने सिंथकडे वळली. तिसरा भाग सुरू झाला आणि काकू ताठ बसल्या. सूर चढला, थरथरला, किणकिणला, गचका.

काकू उभ्या राहिल्या. "अहो, हा तर माझा फ्रिज!"

सभागृहात माना वळल्या. मग मागून कुणीतरी भारावून ओरडलं, "माझापण!" आणि टाळ्या सुरू झाल्या. एकही माणूस उठून गेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर काकूंनी फ्रिजवाल्यांना जिन्यात गाठलं. "माझ्या फ्रिजचं गाणं केलंत, आणि साधं विचारलंही नाही?"

"काकू, फ्रिजचं नाही, माझं आहे. मीच वर वाजवत होतो."

"मला शिकवू नका. माझ्या स्वयंपाकघरात मी कानांनी ऐकलंय."

मेव्हणा मधे पडला. "भावजी, खरं सांगा. शेवट कुणाचा?"

फ्रिजवाल्यांनी बुटांकडे बघितलं. "शेवट... फ्रिजचा."

सिंथ अजून इस्त्रीच्या टेबलावरच आहे. दुसऱ्या कार्यक्रमाचं पोस्टर छापून आलं आहे. वर मोठ्या अक्षरांत फ्रिजवाल्यांचं नाव, एकट्याचं. खाली बारीक अक्षरांत, "गचका: खालच्या काकूंचा फ्रिज." अक्षरं फार बारीक आहेत, अशी काकूंची तक्रार आहे, तरी पोस्टर त्यांनी फ्रिजच्या दारावर लावलं आहे.

सध्या फ्रिजवाले चौथा भाग बसवतात. परवा खालून फोन आला. "फ्रिज उत्तम चाललाय. आता वॉशिंग मशीन बिघडलंय. या, आवाज काढून दाखवते."