रामटेकेबाईंचा मागचा दिवा

रामटेकेबाईंच्या सायकलचा दिवा मागे होता. मागची ती तांबडी काच नव्हे, ती सगळ्यांच्याच सायकलला असते. चांगला वाटीएवढा, पांढऱ्या उजेडाचा दिवा, जो सगळं जग हँडलवर लावतं, तो बाईंनी कॅरिअरच्या मागच्या टोकाला बांधला होता. पुढे नुसती घंटी आणि एक टोपली. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या शेडमध्ये ती सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, मिस्त्रीनं पिऊन काम केलंय.

मी तेव्हा नुकतीच ऑपरेटर म्हणून लागले होते. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. कानाला हेडफोन लावून ट्रंक बोर्डावर बसायचं आणि या गावचा माणूस त्या गावाला जोडून द्यायचा. संध्याकाळची पाळी आठला सुटायची. आणि एक आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. आजही आहे. अंधाराला भिते, कुत्र्याला भिते, मागून येणाऱ्या कुठल्याही आवाजाला भिते. त्यात घर नंदनवनात. आताचं गजबजलेलं नंदनवन डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा सगळे मोकळे प्लॉट, मधेच एखादं घर, आणि रेशीमबाग मागे पडलं की खांबांवरचे दिवेच संपायचे. तिथून पुढे दीड मैल नुसता काळोख आणि ट्रक. दुपारी चार वाजल्यापासून मी घड्याळाकडे बघायला लागायची.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला शेडमध्ये गाठलं.

"कुठं रायते वं तू?"

"नंदनवनात."

"एकटी जाते?"

मी मान हलवली आणि काय झालं कोण जाणे, मला रडूच फुटलं. बाईंनी समजूतबिमजूत काही घातली नाही. पदर कमरेला खोचला, सायकल बाहेर काढली आणि म्हणाल्या, "रडून नको राहू. तू पुढं चाल. मी आहो ना मागं."

हे 'मी आहो ना मागं' मी पुढे दोन वर्षं जवळजवळ रोज ऐकलं. आम्ही चौघी एकत्र निघायचो, एकामागे एक, आणि बाई नेहमी शेवटी. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, आणि संध्याकाळच्या पाळीला अंगावर कायम पांढरी साडी. मला वाटायचं, विधवा म्हणून. एकदा तसं बोलून गेले तर खसकन म्हणाल्या, "आमी छप्पन साली दीक्षा घेतली, तवाच ते सारं सोडलं. पांढरं दुरून दिसते, म्हनून नेसते." दिवसपाळीला यायच्या तेव्हा चांगली हिरवीगार साडी असायची.

गांधीबागच्या चौकात संध्याकाळी एक हवालदार उभा असायचा. दिवा नसलेली सायकल धरायची आणि चाकाची हवा सोडायची, हा त्याचा धंदा. त्यामुळे चौक जवळ आला की निम्मं नागपूर सायकलवरून उतरून साळसूदपणे चालायला लागे, आणि चौक ओलांडला की पुन्हा टांग मारून अंधारात गडप. आम्हीही तेच करायचो. बाई मात्र बसूनच जायच्या. त्यानं पहिल्यांदा अडवलं तेव्हा सायकलभोवती एक फेरी मारून पाहिली.

"ओ बाई, दिवा उलटा काहून लावला? समोर लावा समोर!"

"समोर जे आहे ते मले दिसते, हवालदार भाऊ. मागून जो येते त्याले मी दिसत नाही. मंग दिवा कोनासाठी लावाचा, सांगा बरं?"

हवालदारानं सरळ हवा सोडली. दुसऱ्यांदाही सोडली. बाईंनी दोन्ही वेळा समोरच्या दुकानात हवा भरली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तशाच आल्या. तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "जा माय, जा." त्यानंतर त्यानं कधी अडवलं नाही.

उलट्या दिव्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही डबा खाताना. त्यांचे यजमान आमच्याच खात्यात लाइनमन होते. सायकलला पुढे रॉकेलचा दिवा, अगदी कायद्याप्रमाणे. मागून ट्रक आला. "मी तिथं पोचली तवा दिवा जळतच होता वं," बाई म्हणाल्या. "काच बी फुटली नव्हती. त्याइले समोरचं सारं दिसून राहिलं होतं." मॅट्रिक झालेल्या होत्या, म्हणून यजमानांच्या मागे खात्यात नोकरी मिळाली. एवढं सांगून त्यांनी माझ्या डब्यातलं लोणचं उचललं. त्या रात्रीपासून मागच्या ट्रकचा आवाज मला दुप्पट ऐकू यायला लागला.

दुसऱ्या वर्षीची थंडी सुरू झाली आणि एक नवंच लचांड मागे लागलं. एका मोटारसायकलवर दोघं जण. महाल भागात आमच्यातल्या दोघी आपापल्या घराकडे वळत, मग मी आणि बाई उरायचो. नेमके तेव्हा हे हजर. मागे मागे, हळूहळू. शीळ घालायची, मधेच आपला दिवा विझवायचा, मधेच गाडी एकदम अंगावर आणायची. तीन दिवस हेच चाललं. घरी सांगितलं असतं तर नोकरी सुटली असती, म्हणून सांगता येईना.

"बाई, तुमच्या दिव्यामुळेच आपण त्यांना दिसतो," मी म्हटलं. "रेशीमबागच्या पुढे बंद करू या ना."

"नाही."

"अहो पण..."

"हे पाह्य, अंधारात दोन जातीचे लोकं भेटतात. एकाले आपन दिसतो, एकाले नाही दिसत. ज्याले दिसतो त्याले चप्पल मारता येते. दुसऱ्याले काय मारशीन? तो तर मारूनच जाते." आणि खरंच, त्यांच्या पुढच्या टोपलीत एक जुनी चप्पल ठेवलेली असायची.

मला ते पटलं नाही असं नाही. डोक्याला पटलं होतं. पण मेली भीती काय डोक्यात असते?

चौथ्या दिवशी रेशीमबागच्या शेवटच्या खांबाखाली बाईंची चेन उतरली. "धरून ठेव वं," म्हणून त्या वाकल्या. मी मागून कॅरिअर धरलं. तेवढ्यात लांबून तो मोटारसायकलचा आवाज आला. माझ्या हाताशीच डायनॅमो होता, मागच्या टायरला टेकलेला. चाक फिरलं की तो फिरायचा, घरघर करायचा आणि दिवा लागायचा. मी खटका ओढून तो टायरपासून बाजूला केला. एवढंच केलं. बाईंनी चेन चढवली, काळे हात कागदाला पुसले आणि म्हणाल्या, "चाल पुढं. मी आहो ना मागं."

मागे लावलेला दिवा चालवणाऱ्याला दिसत नाही. बाई पुढे बघत पायडल मारत होत्या आणि त्यांच्या पाठीमागे काळोख होता. मोटारसायकल आली ती भर्रकन आमच्या बाजूने पुढे निघून गेली. दिवा शोधत होते, दिवा नव्हता. खरं सांगते, मला आनंद झाला. वाचलो गं बाई, असं मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा.

मागून बाईंचा आवाज आला, "घरघर काहून नाही येत वं?"

त्यांनी पायडल थांबवलं असावं. तेवढ्यात मागून ट्रक आला. त्याचा उजेड माझ्या पाठीवरून समोर रस्त्यावर पडला आणि त्यात आमच्या दोघींच्या लांबच लांब सावल्या दिसल्या. मग एक सावली आडवी झाली. ट्रक मला घासून पुढे गेला. थांबला नाही.

आता जे सांगते ते सांगायला मला बरीच वर्षं लागली. बाई रस्त्याच्या कडेला खड्ड्यात पडल्या होत्या, कण्हत होत्या. आणि त्यांच्याकडे धावायच्या आधी मी त्यांच्या सायकलपाशी गेले, चाचपून डायनॅमो शोधला आणि पुन्हा टायरला टेकवून ठेवला. आधी ते केलं. मग ओरडले.

मागे शेवटच्या खांबापाशी पानठेला होता, तिथली माणसं धावली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. कमरेचं हाड मोडलं होतं. पोलीस वही घेऊन आला, दिवा होता का म्हणून विचारलं. मी जमिनीकडे बघत होते. वाटलं, आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाईंनी डोळे उघडले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "होता. पन बल्ब उडाला आज."

बिनदिव्याची सायकल, म्हणजे चूक सायकलवालीचीच. ट्रकवाल्याला कोणी शोधलंही नाही. आणि ऑफिसात तर काय, लोकांना विषयच मिळाला. आयुष्यभर दिव्याचं कौतुक आणि ऐन वेळेला बल्ब उडालेला! कँटीनमध्ये लोक हसले. मी चहाचा कप धरून बसले होते. उठून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पंधरा दिवसांत साहेबांना अर्ज करून मी सकाळची पाळी मागून घेतली. दिवसाढवळ्या जायचं, दिवसाढवळ्या यायचं.

बाई पुन्हा सायकलवर बसल्या नाहीत. नोकरी सोडून बहिणीकडे पारशिवनीला गेल्या. वर्षभर मला रात्रीची झोप नव्हती. डोळा लागला की ती सावली आडवी व्हायची. शेवटी एका रविवारी एसटीत बसले.

बाई ओट्यावर बसून तूर निवडत होत्या, शेजारी काठी. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजं फूल. मला पाहून हरखल्या. "आली का वं पोरी! बहिने, चहा टाक, माही नंदनवनवाली आली." मला ते सहन होईना. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, त्या दिवशी दिवा मी..."

"बल्ब उडाला होता."

"नाही बाई, मी डायनॅमो..."

"बारा वर्सं हेडफोन लावून बसली मी. खटका मले ऐकू नाही आला काय? वाटलं, चेनचा असन. मागून घरघर नाही आली तवा समजलं."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर भेवानंच मेली असती तू. माह्यं तर हाडच मोडलं होतं." आणि चक्क हसल्या. मी त्यांच्या पायाशी बसून हमसाहमशी रडले. त्या माझ्या डोक्यावर तुरीचा हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, सुटले.

मग त्यांनी सहज विचारलं, "आता मागं कोन रायते?"

"कोणी नाही. त्या दोघींची बदली झाली. एक नवी लागली आहे, सिंधू. वाठोड्याकडे राहते, आमच्याही पुढे."

"मंग तिच्यासंगं तू जाते ना?"

"मी... मी सकाळची पाळी घेतली बाई."

डोक्यावरचा हात थांबला. "म्हंजे ते पोरगी एकटी जाते? त्या रस्त्यानं?"

मी मान हलवली. बाईंना मी दोन वर्षांत कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"दिव्याचं मी समजली वं. तू भेली होती. भेलेल्या मानसाच्या हाताले अक्कल नसते. पन हे तर तू दिवसा ठरवलं ना? खुर्चीवर बसून, कागदावर लिवून?"

चहा आला. आम्ही दोघींनी तो प्यायला. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "माही सायकल कुठं हाय?"

"शेडमध्येच पडली आहे. चाक वाकडं झालंय. दिवा आहे तसा आहे."

"मंग तो दिवा तिथं काय करून राहिला?"

सोमवारी मी पाळी बदलून घेतली. तो दिवा आणि डायनॅमो काढून मिस्त्रीकडून माझ्या सायकलला बसवला, मागे. मिस्त्रीनं विचारलं, बाई, उलटा काहून? चाक फिरवलं तर बल्ब पहिल्याच फेरीत लख्ख पेटला. त्या संध्याकाळी शेडमध्ये सिंधू सायकलचं कुलूप काढत होती, किल्ली दोनदा चुकली तिची. मी म्हटलं, "तू पुढे चल. मी आहे मागे."

माझं घर आलं, मी थांबले नाही. तिला वाठोड्याला दारापर्यंत सोडलं आणि एकटी परत फिरले. आणि तेव्हा, त्या काळ्याकुट्ट रस्त्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की रामटेकेबाईंचं घर रेशीमबागच्या अलीकडे होतं. मला नंदनवनात सोडून त्या रोज हा रस्ता एकट्या परत जायच्या. त्यांच्या मागे कोण असायचं? मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

बाई चार वर्षांनी पारशिवनीलाच वारल्या. मी पुढे अकरा वर्षं संध्याकाळची पाळी केली. सिंधूनंतर दुसरी, मग तिसरी. भीती काही गेली नाही, एक दिवससुद्धा. परतीच्या वाटेवर मागून उजेड आला की मी रस्त्याच्या कडेला सरकायची. आपला दिवा लागलाय की नाही ते आपल्याला दिसत नसे. मी नुसती घरघर ऐकत राहायची, ती ऐकू यावी म्हणून पायडल मारत राहायची, आणि भीत भीत घरी यायची.