चामड्याचा तुकडा आन् गादीतला कापूस

मंडळी, आज जठारपेठेत नातीच्या ऑर्केस्ट्राची तालीम पाहाले गेलो. बेस गिटारवाल्यानं समोर तार छेडायचे अकरा प्लेक्ट्रम मांडले होते, सारे परदेशी. पण त्याचा बेस एवढा घणघणे का नातीचं गाणंच बुडून राहिलं होतं.

सन साठ-पासष्टच्या सुमारास आमी जुन्या चपलेच्या चामड्यानं बेस वाजवत होतो आन् तारांखाली कापूस कोंबत होतो. आवाज कसा गोल निघे!

पाकिटात तो चामड्याचा तुकडा अजून हाय. बसायच्या फाटक्या गादीतला कापूस ओढला, त्याच्याच बेसच्या तारांखाली कोंबला आन् वाजवून दाखवलं. नातीचा शब्द न् शब्द ऐकू आला.

त्याच गादीवर बसून हा दीडशहाणा बेसवाला मले विचारते, "आजोबा, हा कापूस कोणत्या कंपनीचा?"

कापसाच्या अकोल्यात जन्मून! सांगा, याले काय सांगाव?