आरोप कायम

सुचावा शहराकडच्या एका लहानशा कोर्टात स्मरांदा सरकारी वकील होती. तिथंच तिचे केस पिकले. बाई सरळ, हाताची स्वच्छ. कुणी लाच म्हणून बदक घेऊन तिच्या दारात गेलाच, तर बदकासकट हाकलला जायचा. अहो, हीच तर पुढं पंचाईत झाली.

तिथली रीत अशी, की तपास एक सरकारी वकील करणार, आरोपपत्रही तोच लिहिणार आणि कोर्टात उभा राहणार दुसराच. उभं राहणाऱ्याला पटलं नाही तर 'याला सोडा' म्हणायची कायद्यानं पूर्ण मोकळीक. पण सहकाऱ्याच्या मेहनतीवर भर कोर्टात पाणी कोण फिरवणार? रोज त्याच्याच शेजारी बसून कॉफी प्यायची असते ना.

इलारिओनचा खटला तिच्या सहकाऱ्यानं, तिबेरियुनं, उभा केला होता; कोर्टात चालवायला स्मरांदा. आरोप शेजाऱ्याची गवताची गंजी पेटवल्याचा. इलारिओन त्या संध्याकाळी आलुबुखाराची दारू ढोसून तर्र, त्याला काहीएक आठवत नव्हतं. साक्षीदार एकच, आणि तोही कोर्टात घसरला. म्हणाला, 'चेहरा दिसला नाही, पण याच्याशिवाय दुसरं कोण असणार?' आता पुरावा म्हणून काही उरलं नाही, हे स्मरांदाला तिथंच कळलं. तरी उठली आणि सवयीनं बोलून गेली, "आरोप कायम." इलारिओन तुरुंगात गेला.

तेव्हापासून तिला घास गोड लागेना. माणूस बुडवला आपण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इलारिओनचे लोक अपील करतील, वरचं कोर्ट सोडेल, अशी ती मनाची समजूत घालत राहिली.

अपिलाची मुदत संपत आली तेव्हा इलारिओनची बायको पारास्किवा कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटली. अपील केलं का, म्हणून स्मरांदानं विचारलं.

"तो नको म्हणतो, बाई. मी शंभरदा सांगितलं, तू घरीच घोरत पडला होतास. तर म्हणतो, तुला माया आहे म्हणून बोलतेस. स्मरांदाबाईंनी सगळं ऐकून शिक्षा मागितली, म्हणजे नशेत मीच काडी लावली असणार."

आरोपीच्या बाजूनं अपील सरकारी वकीलही करू शकतो. ते आजच करते, असं स्मरांदानं सांगितलं. मग म्हणाली, "पुरावा नव्हताच, पारास्किवा. मला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हाच?"

स्मरांदानं मान डोलावली.

पारास्किवा रडली नाही की भांडली नाही. "मग हे त्याला तुम्हीच येऊन सांगा," ती म्हणाली. "त्याचा तुमच्यावर विश्वास आहे."