जुळ्यांच्या दंडावरचा वण

आधीच सांगते, मी आरोग्य प्रचाराची कार्यकर्ती. अंगारेवाल्यांच्या दारात उभं राहून पत्रकं वाटलेली मुलगी. असलं काही मीच लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर त्याच्याशी भांडले असते.

वेल्हे तालुक्यातलं पाली, राजगडाच्या पायथ्याचं. तिथल्या सुनंदाला जुळं झालं... एक मुलगा, एक मुलगी. दोघांना एकाच दिवशी बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचली. पुढे दंडावर फोड आला. तो फुटतो, सुकतो, गोल वण राहतो. त्याला काही लावायचं नसतं. पण सुनंदाच्या सासूनं मुलीचा फोड तेवढा गरम फडक्यानं रोज शेकला, वर हळद-चुना थापला. मुलाला वण उठला, तिला उठलाच नाही.

"मावशी, पोराचा का नाही शेकलात?"

"त्याला कोन बघाया येनार हाय? पोरीच्या जातीला डाग कशापायी?"

"डाग नाही तो! वण उठलेली मुलं जास्त तगतात, असं डॉक्टर लोकांना आढळलंय."

"तुझ्या दंडावर हाय न्हवं? मग झालं का लगीन?"

ओट्यावरच्या बायका खिदळल्या. सुनंदा नाही हसली. त्यानंतर दर खेपेला ती हळूच विचारायची, "ताई, आता उठंल का वो तिला?"

श्रावणात दोघंही तापली. मी भांडून त्यांना दवाखान्यात हलवलं. मुलगा सावरला, हातपाय झाडायला लागला. मुलगी दूध ओढेना. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

दुपारी सुनंदा दोघांना मांडीवर घेऊन बसली होती, मुलीचा दंड मुठीत धरून. मी चहा आणायला गेले. परत आले तर मुलगी चुटूचुटू दूध पीत होती. आणि मुलगा... थंड.

नर्सनं त्याचं झबलं काढलं. दंड कोरा. मुलीच्या दंडावर गोल, पांढरट, जुना वण.

एक मुलगा, एक मुलगी. अदलाबदल व्हायला जागाच नाही. डॉक्टर म्हणाले, "असा वण एका दुपारीत येत नाही आणि उठलेला वण गेलेला मी कधी पाहिला नाही." मी पुस्तकं चाळली, चार जणांना विचारलं. उत्तर नाही. आजही नाही.

मला आठवतं ते एवढंच. त्याला फडक्यात गुंडाळताना सुनंदानं माझा हात धरला.

"ताई, म्या पोरीसाठी मागितलं व्हतं. त्याचं काढून द्या, असं न्हाई म्हनले वो."