सामाईक विहीर, आपापले कुलूप

आमच्या समुद्रपूरच्या माती-परीक्षण संस्थेचे व्यवस्थापक श्री. देविदास थूल यांची आणि माझी ओळख एका पेनड्राइव्हमुळे झाली. संस्थेचे संगणक सांभाळण्याच्या माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी सरांनी तो माझ्या हाती ठेवला. हरवू नये म्हणून त्याला सुतळीने लाकडी ठोकळा बांधलेला होता. शेतकऱ्यांचे माती-अहवाल, सातबारे आणि आधारच्या प्रती त्यात होत्या, आणि तो एसटीने अल्लीपूर-वडनेरच्या कर्मचाऱ्यांकडे जाऊन येत असे.

"यात काय चुकते, थे सांगा," सर म्हणाले.

मी सांगत गेले. सरांनी एकदाही अडवले नाही. शेवटी म्हणाले, "ठोकळ्याची युक्ती माझी होती. बाकी समजलं."

ही पद्धत बदलण्याची सरांना घाई होती ती सुनंदाताईंसाठी. ताई अल्लीपूरच्या. संस्थेचे अहवाल त्याच तयार करतात. सासूबाईंना लकवा झाल्यापासून त्यांना रोज समुद्रपूरला येणे जमत नव्हते, आणि नोकरी सोडण्यावाचून त्यांना मार्ग दिसत नव्हता. "माणूस येऊ शकत नाई, त काम घरी जाऊ शकते का?" असे सरांनी मला विचारले. जाऊ शकते, मी म्हटले, पण अटींवर. फाइली कार्यालयातल्या सर्व्हरवरच राहतील. बाहेरून तिथे पोहोचण्याची वाट फक्त कर्मचाऱ्यांपुरती, बंदिस्त असेल. प्रत्येकाचे खाते वेगळे असेल आणि पासवर्डसोबत दर वेळी स्वतःच्या मोबाइलवरचा नवा कोड द्यावा लागेल. सरांनी नियम प्रथम स्वतःला लावला. "पगाराच्या फाइली हिशेबनीस पाहतेत. मले काऊन दिसून राह्यल्या? काढ." सर्वांच्या कामाच्या फोल्डरला नावही त्यांनीच दिले, 'सामाईक'.

घोटाळा त्या नावाने झाला. एके दिवशी ताईंचे खाते वडनेरहून उघडलेले मला दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की वडनेरचे आमचे सहकारी गजाननभाऊ स्वतःचा पासवर्ड विसरले होते. ताईंनी आपला पासवर्ड आणि कोड कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि खाली सर्वांनी हात जोडल्याची चिन्हे टाकली.

"मॅडम, फोल्डरवर सामाईकच लिवलं हाये नं," गजाननभाऊ म्हणाले. "मंग चाबी सामाईक नाई का?"

संस्थेच्या अध्यक्षांना हे समजले. बाहेरून फाइली पाहणे बंद करावे, सर्वांनी कार्यालयात येऊनच काम करावे, असा प्रस्ताव त्यांनी संचालकांच्या सभेपुढे ठेवायचे ठरवले. तो मंजूर झाला असता तर ताईंची नोकरी गेली असती.

सरांनी कोणालाही झापले नाही. "नाव मी ठेवलं, गोंधळ माझा," म्हणत त्यांनी सर्वांना बसवले. "गजानन, तुमच्याकडे सामाईक विहीर हाये नं? पाणी सगळ्याईचं. पण मोटरच्या स्टार्टरची पेटी?"

"आपापली."

"कुलूप?"

"आपापलं, सर. भावालेबी चाबी देत नाई."

"मंग इथं काऊन वाटून राह्यले प्रसादासारखी?"

माझ्या प्रशिक्षणाच्या सत्रांनी जे साधले नव्हते, ते या विहिरीने साधले.

सभेत संचालक तांत्रिक प्रश्न सरांना विचारू लागले, तेव्हा "मॅडम बसल्या हायेत, त्यांनाच विचारा," असे म्हणून सरांनी मला बोलू दिले. त्या खोलीत मी वयाने सर्वांत लहान होते. तरीही अध्यक्षांचे समाधान होईना. "ह्या बाया-माणसाईनं उद्या पुन्हा कोड वाटला त?"

"आत्ताच पाहू," सर म्हणाले आणि त्यांनी स्पीकर सुरू करून ताईंना फोन लावला. "सुनंदाताई, मीटिंगमध्ये हावो. माझं खातं चालून नाई राह्यलं. तुमचा पासवर्ड अन् कोड सांगा लवकर."

पलीकडे कुकरची शिटी झाली. मग ताई म्हणाल्या, "सर, नाराज नोका होऊ. पण नाई देत."

"मी मागतो तरी?"

"तुमीच त सांगतलं. मॅडमले म्हणा, थ्या करून देतीन."

अध्यक्षांनी फोन ओढून घेतला. "मी अध्यक्ष बोलतो."

"तुमाले त अजिबातच नाई, साहेब!"

सभा हसली. अध्यक्षही हसले आणि प्रस्ताव त्यांनी स्वतःच मागे घेतला.

नंतर मी सरांना विचारले, ताईंना आधी कल्पना दिली होती का?

"देली असती त परीक्षा कायची, बेटा?" सर मला बेटा म्हणतात. कार्यालयात इतर कोणी म्हटलेले मला चालत नाही.

ताई आजही अल्लीपुरातूनच अहवाल पाठवतात. सासूबाई आता काठी धरून अंगणात येतात.

सर साठ वर्षांचे होऊन या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. "हार घालाच्या आधी माझं खातं बंद करजो," अशी त्यांची सूचना आहे. त्या कामाला एक मिनिटही लागत नाही. मी ते वेळेवर करीन, पण वेळेआधी करणार नाही. त्यानंतर सरांना आमची एकही फाइल दिसणार नाही. आम्हाला मात्र सर पुढची अनेक वर्षे असेच ठणठणीत, असेच हसताना दिसत राहोत.